काढायचं राहिलेलं वाक्य

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांसमोर मी बरीच वर्षं एक गोष्ट सांगत आलो. कॉलेजवाले बोलवायचे, शाल द्यायचे, आणि विषय ठरलेला असायचा: नव्या प्रोग्रामरनं टिकून कसं राहायचं, दहा जणांत उठून कसं दिसायचं. इकडचं तिकडचं बोलून मी त्या गोष्टीवर यायचो. माझ्याकडे एक मुलगा कामाला होता. फार हुशार. पण एक भाषा शिकला आणि तिच्यावरच बसून राहिला. जग पुढं गेलं, त्याला मात्र नवं काही शिकायचं नव्हतं. आज तो तालुक्याच्या गावी एसटीडी बूथमध्ये लोकांना फोन लावून देतो. तुमचं तसं होऊ देऊ नका. एवढं बोलून मी थांबायचो. टाळ्या पडायच्या.

बूथ खरा होता. हुशारीही खरी होती. त्याला शिकायचं नव्हतं, हे वाक्य खोटं होतं, आणि ते मी पहिल्यांदा बोललो तेव्हापासून मला माहीत होतं. आता मी ऐंशीच्या घरात आहे. कोणी व्याख्यानाला बोलवत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी मुंबईत एका मोठ्या कचेरीत पंच कार्डांच्या मशीनवर कोबोल शिकलो आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जळगावला परत आलो. खतांच्या दुकानावरची एक खोली घेतली, तिला एसी बसवला, एक पीसी आणला आणि पाटी लावली. घरी आमचा पंखा खडखडत फिरायचा आणि कॉम्प्युटर थंडगार खोलीत. बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी मला मशीन करा हो." चपला बाहेर काढून आत यायचं असा नियम होता, त्यामुळे लोक देवळात शिरल्यासारखे दबकत यायचे. सकाळी क्लास चाले, दुपारी गिऱ्हाइकांची कामं: डाळ मिल, पतसंस्था, कापसातली सरकी काढणारं जामनेरचं एक जिनिंग.

तो आला तो धुळ्याहून बी.एस्सी. होऊन. गाव साक्रीच्या पुढं, पिंपळनेरच्या अंगाला. वडील पाटबंधारे खात्यात चौकीदार. दारात त्यानं बूट काढले, मोज्यांकडे पाहिलं, एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, मग मोजेही काढून खिशात घातले.

"काय येतं?" मी विचारलं.

"गणित येतं, सर."

"आणि कॉम्प्युटर?"

"अजून पाहिला नाही. हाच का?" असं म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या मोठ्या स्टॅबिलायझरकडे बोट केलं.

क्लासमधली पोरं हसली. तोही हसला. पावसाळा संपायच्या आत तो त्याच पोरांना डीबेस, म्हणजे हिशोबाचे प्रोग्राम लिहायची तेव्हाची भाषा, शिकवत होता.

तो उठून कशामुळे दिसायचा, हे मी व्याख्यानांत कधीच सांगितलं नाही. जामनेरच्या जिनिंगला मी कापूस खरेदीचा प्रोग्राम करून दिला होता. माझ्या प्रोग्रामला आधी शेतकऱ्याचं खातं लागायचं, मग भाव, मग वजन, कारण हिशोबाची वही मला तशी माहीत होती. जिनिंगचे दिवाणजी दिवसभर कागदावर लिहायचे आणि संध्याकाळी नाइलाजानं मशीनमध्ये भरायचे. मी म्हणायचो, लोक अडाणी आहेत, सवय होईल. याला तक्रार बघायला पाठवलं तर हा मशीनजवळ गेलाच नाही. आवारात कापसाच्या गाड्यांमध्ये जाऊन बसला. रोज जळगावहून एसटीनं जायचा आणि डोक्यात कापसाचे तंतू घेऊन परत यायचा. मी चिडून विचारलं, "तिथं काय कापूस वेचतोस का?"

"सर, तिथं गाडी आधी वजनकाट्यावर चढते," तो म्हणाला. "गाडी कोणाची हे नंतर विचारतात. भाव तर ग्रेडरनं कापूस हातात घेऊन पाहिल्यावर. आपला प्रोग्राम उलटा विचारतो."

त्यानं तो सुलटा केला. गाडी आवारात ज्या क्रमानं फिरायची त्याच क्रमानं स्क्रीन विचारू लागला. काही राहिलं तर माझ्या प्रोग्रामात इंग्रजीत एरर यायची. यानं इंग्रजी अक्षरांतच, पण आपल्या अहिराणी बोलीत लिहिलं: वजन राही गयं.

दिवाणजी ते वाचून खुर्चीवरून उठलेच. "अरे, हे डबडं तर माणसासारखं बोलते! पण भाऊ, हे साक्रीकडचं आहे. 'आहे'ला 'शे' म्हणणारं तुमचं बोलणं जामनेरात कशाला आणलं?"

"दिवाणजी, तुमच्याकडचं शिकवा, तेही घालतो."

"राहू दे. पाहुण्यासारखं वाटते, बरं वाटते."

त्या दिवसापासून जामनेरहून फोन आला की माझी चौकशी होत नसे. "भाऊ आहेत का?" असं विचारत. मला ते टोचायचं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की, शिष्याचं कौतुक आहे.

आमच्या धंद्याची तेव्हा एक रीत होती. गिऱ्हाइकाला फक्त चालणारा प्रोग्राम द्यायचा. मूळ लिखाण, ज्यातून तो दुरुस्त करता येतो, ते फ्लॉपीवर आपल्या कपाटात. त्यातही नावं अशी द्यायची की फ्लॉपी कुणाच्या हाती लागली तरी उपयोग शून्य. वजनाला ए, भावाला बी, शेतकऱ्याला एक्स. त्यानं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सरळ वजन, भाव, गाडी अशी नावं दिली होती. मी ती सगळी त्याला बदलायला लावली.

"अशी नावं ठेवलीस तर उद्या कुणीही येऊन वाचेल."

"वाचायलाच तर लिहायचं ना, सर?"

"नाही. चावी आपल्या खिशात ठेवायची. ज्याला एकट्यालाच माहीत असतं त्याला कुणी काढू शकत नाही. टिकायचं तर हे पाठ कर."

त्यानं पाठ केलं. तो माझ्यावर विश्वास ठेवणारा होता. हळूहळू सगळ्या गिऱ्हाइकांचे प्रोग्राम त्याच्याच हातचे झाले, आणि माझ्याच नियमामुळे ते त्याच्याशिवाय कुणालाही, मलासुद्धा, वाचता येईनासे झाले.

नव्वदच्या दशकाची पहिली दोन-तीन वर्षं गेली असतील. एके दिवशी दुपारी त्यानं माझ्या टेबलावर एक माहितीपत्रक ठेवलं. पुण्यातल्या कोर्सचं होतं, सी ही नवी भाषा आणि विंडोजचा.

"सर, उन्हाळ्यात जिनिंग बंदच असतं. दसऱ्याच्या आत परत येतो. मित्राची खोली आहे तिथं, जमिनीवर झोपेन."

मी हसलो. "विंडोज? ते माऊस फिरवायचं खेळणं? आपल्या दिवाणजींच्या हातात माऊस देशील? कापसात हरवेल तो."

तोही हसला. मग म्हणाला, "पण पुढं तेच येणार असेल तर?"

"मुंबईत मी अशी फॅडं येताना-जाताना पाहिलीत. इथं तुझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही. हे सोडून पुण्यात पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहणार?"

"तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल, सर," म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला. माहितीपत्रक त्यानं परत घेतलं नाही.

ते मी घरी नेलं. माझा मुलगा त्याच वर्षी बी.कॉम. झाला होता. जूनमध्ये मी त्याला पुण्याला पाठवलं, त्याच कोर्सला.

स्टँडवर सामान पोचवायला हाच आला होता. मुलाची ट्रंक त्यानंच शिडीवरून चढून एसटीच्या टपावर ठेवली आणि दोरीनं बांधली. खाली उतरून हात झटकत मला विचारलं, "दादा काय शिकणार, सर?"

"कॉस्टिंगचं काहीतरी आहे," मी म्हणालो.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या पाटीकडे पाहत राहिलो. हा खिडकीपाशी जाऊन म्हणत होता, "दादा, तिकडं सीचं एखादं पुस्तक दिसलं तर आणशील? इथं मिळत नाही."

दिवाळीत मुलानं पुस्तक आणलं आणि त्याला दिलं. देताना खरं काय ते सांगितलंही. मला ते नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी हा नेहमीच्या वेळी आला, चपला काढल्या, कामाला बसला. चहा आला तेव्हा मशीनवरची नजर न काढता म्हणाला, "दादाला चांगलं जमतंय म्हणे, सर." त्या विषयावर तो माझ्याशी एवढंच बोलला.

ज्याला शिकायचं नव्हतं असं मी शेकडो मुलांना सांगितलं, तो माणूस ते पुस्तक पिशवीत घालून जामनेरला न्यायचा आणि गाड्या थांबल्या की सरकीच्या पोत्यावर बसून वाचायचा. आमची जुनी मशीनं त्या कामाची नव्हती. मग तो प्रिंटरच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायचा आणि मनातल्या मनात चालवून बघायचा. दिवाणजी म्हणायचे, "बिनविजेचा कॉम्प्युटर एकच, आमचे भाऊ." सुट्टीला आलेल्या माझ्या मुलाजवळ तो ते कागद द्यायचा. "पुण्याला मशीनवर चालतंय का बघ, दादा."

मुलगा रविवारी फोन करायचा. एकदा म्हणाला, "बाबा, त्यांचे सगळे प्रोग्राम चालले. एके ठिकाणी थोडं अडलं होतं, बाकी सगळं बरोबर. त्यांना सांगा."

सोमवारी त्यानं विचारलं, "दादाचा फोन आला होता का, सर?"

"आला होता. त्याला वेळ नाही झाला अजून बघायला."

असं मी का केलं? वाईट माणूस होतो असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी घाबरलेला होतो. माझं कोबोल मुंबईतच जुनं झालं होतं, डीबेस मला त्याच्याइतकं येत नव्हतं, आणि आता आणखी एक नवं येत होतं जे मला कधीच जमणार नव्हतं. मुलगा पुढं गेला तर माझंच काहीतरी पुढं जाणार होतं. हा पुढं गेला असता तर मी एसीच्या खोलीत नुसता मालक उरलो असतो.

मग जे यायचं ते आलंच. जिनिंगच्या मालकाचा मुलगा कारभार बघू लागला आणि त्यानं नागपूरच्या एका कंपनीकडून विंडोजवर चालणारा तयार प्रोग्राम घेतला. तो बसवायला कंपनीचा माणूस आला. दोन दिवस याच्याशेजारी बसून जुने स्क्रीन बघत होता. निघताना आवारातल्या चहाच्या टपरीवर त्यानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, हा मुलगा आम्हाला द्या. विंडोज आम्ही शिकवू. जिनिंग समजणारा प्रोग्रामर आम्हाला मिळत नाही."

समोर तो काट्यापाशी कुणाशी तरी बोलत उभा होता. माझ्या मनात पतसंस्था आली, डाळ मिल आली. तो गेला तर त्या प्रोग्रामांतलं ए, बी आणि एक्स मला कोण वाचून दाखवणार होतं? दुसऱ्यांसाठी लावलेल्या कुलपाच्या आत आता मीच अडकलो होतो.

मी म्हणालो, "जुन्या डॉसच्या पलीकडं त्याला काही येत नाही. आणि खरं सांगू का, त्याला शिकायचंच नाही."

ते वाक्य मी पहिल्यांदा तिथं बोललो. तो माणूस "अरेरे" म्हणाला आणि चहा संपवून निघून गेला. ज्याच्याबद्दल विचारलं त्याच्या सरांनीच सांगितलेलं, त्यावर कोण शंका घेणार?

तरीही गिऱ्हाइकं एकेक करून गेलीच. मी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला लागला होता, इकडेच राहायला या म्हणत होता. शेवटच्या दिवशी मशीनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली तेव्हा त्यानं विचारलं, "आणि मी, सर?"

"तुला काय, कुठंही मिळेल," मी म्हणालो.

तो नाशिकला गेला, पुण्याला गेला. मुलाखतीत विचारायचे, काम दाखवा. तो माझ्याकडून मागून नेलेली एक फ्लॉपी दाखवायचा. तिच्यात ए, बी, एक्स. एका ठिकाणी विचारलं म्हणे, "हे असं का लिहिलंय? माणसाला वाचता येईल असं लिहायला कुणी शिकवलं नाही का?" त्याला माझं नाव सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं, "चुकलं, सर." हे मला माझ्या मुलानं सांगितलं, कारण पुण्यात तो मुलाकडेच उतरायचा. शेवटी वडील आजारी पडले आणि तो साक्रीला गेला. बाजारपेठेत एसटीडी बूथ टाकला, शेजारी झेरॉक्सचं मशीन. धाकट्या भावाला मात्र त्यानं धुळ्याला कॉम्प्युटर शिकायला घातलं.

मुलाकडे पुण्यात राहून मी काहीच करत नव्हतो, तरी गावाकडं माझी खानदेशातले पहिले कॉम्प्युटरवाले अशी ओळख उरली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, दोन हजार साल लागताच कॉम्प्युटर तारखा चुकणार हीच सगळ्यांच्या तोंडी चर्चा होती. धुळ्याच्या एका कॉलेजनं मला बोलावलं. तिथं मी ही गोष्ट पहिल्यांदा व्यासपीठावरून सांगितली. बोलताना बघितलं तर मधल्या रांगांतली काही पोरं वळून एका मुलाकडं बघत होती आणि तो मान खाली घालून बसला होता. त्यांच्या मागं, दाराजवळ, बूथवाला तो स्वतः उभा होता. सर येणार म्हणून साक्रीहून सकाळच्या गाडीनं आला होता.

टाळ्या संपल्यावर तो पुढं आला. पाया पडला. माझ्याशी तो नेहमी शाळेतली मराठी बोलायचा. त्या दिवशी तसं बोलला नाही.

"सर, मना धाकला भाऊ आठेच शिकस."

"अरे वा, भाऊ इथंच शिकतो का?" मी म्हणालो.

"ते एक वाक्य काढा ना, सर. बाकी बठ्ठं राहू द्या. बूथ राहू द्या."

"कुठलं वाक्य?"

मग पुन्हा शाळेतल्या मराठीत म्हणाला, "मी तर शिकायलाच निघालो होतो ना, सर?"

भोवती प्राचार्य होते, पोरं होती, कुणीतरी नारळ हातात देत होतं. मी म्हणालो, "अरे, मी तुझं नाव कुठं घेतलं?"

"नाही घेतलं," तो म्हणाला. "पण भावानं ऐकलं."

एवढं बोलून तो मागं सरकला आणि दुसऱ्यांना वाट करून दिली. पुढच्या महिन्यात जळगावच्या एका कॉलेजात मी तीच गोष्ट सांगितली. वाक्यासकट. त्याच्याशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती, आणि टाळ्या त्याच वाक्यावर पडायच्या.

गेल्या थंडीत मी साक्रीला जाऊन आलो. मुलानं गाडीनं नेलं. फोनचे बूथ कधीच गेले, पण त्याचं दुकान आहे. सातबारा, दाखले, परीक्षांचे अर्ज, सगळं तो कॉम्प्युटरवर करून देतो. केस पिकलेत. पिंपळनेरकडची एक म्हातारी समोर बसली होती आणि तो तिला स्क्रीनवर काय लिहिलंय ते अहिराणीत वाचून दाखवत होता. लोक त्याला नाना म्हणतात. मला बघून तो उठला, स्वतःची खुर्ची मला दिली आणि चहा सांगितला.

मी म्हणालो, "ते वाक्य मला काढायचंय."

"आता कुठून काढता, सर?" तो हसून म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी भावाची चौकशी केली. भाऊ मोठ्या कंपनीत आहे, बाहेरदेशी असतो. चांगलं आहे. बोलणं फारसं होत नाही. वडील गेल्यावर घरावरून दोघांत शब्दाला शब्द लागला, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "तू मला अभ्यास कर अभ्यास कर म्हणत राहिलास, स्वतः मात्र केला नाहीस. तुझ्या सरांनी सगळ्या कॉलेजसमोर सांगितलं."

"मग तू त्याला खरं काय ते का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं की. पण तुम्ही सर होतात. तो म्हणाला, सर कशाला खोटं बोलतील?"

चहा आला. मुलगा दुकानाबाहेर तोंड फिरवून उभा होता. मी म्हणालो की मी हे सगळं लिहीन, नाव न घेता. नावं न घेतलेली बरी. म्हातारीचा दाखला प्रिंटरमधून बाहेर आला, तो त्यानं तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "लिहा. त्याला मराठी वाचता येतं अजून."

म्हणून त्या धाकट्या भावासाठी लिहितो. धुळ्याच्या त्या हॉलमध्ये मान खाली घालून बसलेल्या मुलासाठी. तुझ्या भावाला शिकायचं होतं. पुण्याच्या कोर्सचा कागद त्यानंच आणला होता. मी त्याला जाऊ दिलं नाही, आणि माझ्या मुलाला पाठवलं. मशीन नसताना कागदावर लिहिलेले त्याचे प्रोग्राम चालले होते, आणि ते मी त्याला कधीच सांगितलं नाही. त्याचे सर खोटं बोलले. तू तुझ्या भावाला फोन कर.